धोंडू तांडेल झोपला नाही

जयगडच्या खाडीत धोंडू तांडेलाएवढं डोकं कुणाचं नव्हतं. कोणता माड दीपगृहाच्या कुठल्या अंगाला दिसला की खाली खडक आणि कुठल्या अंगाला दिसला की चिखल, सगळं तोंडपाठ. मोबाईलवर नकाशा बघणाऱ्या पोरांना म्हणायचा, "चार्जिंग संपलं की काय करशील, आईला हाक मारशील?"

गेल्या ऑक्टोबरात अचानक वारा उठला आणि त्याची होडी उलटली. धाकटा भाऊ निलेश जाळ्यात गुरफटला आणि होडीबरोबर तळाला गेला. रिकाम्या डब्याला धरून वाहत गेलेल्या धोंडूला तासाभराने दुसऱ्यांनी उचललं. होडी कुठे बुडाली, ते आता एकट्या त्यालाच माहीत.

"मला एकदा त्यांचं तोंड दाखवा," निलेशची बायको राजश्री एवढंच म्हणाली.

झालं, धोंडू हट्टाला पेटला. झोपलो तर खुणा डोक्यातून जातील, या भीतीने त्याला धरलं. बायकोने, दमयंतीने, हात जोडले. डॉक्टरांनी झोपेची गोळी दिली, ती त्याने थुंकून टाकली. कोरा चहा ढोसत तो धक्क्यावर बसून राहिला आणि भेटेल त्याला तेच सांगत राहिला, माड दीपगृहाच्या उजव्या अंगाला. गावच्या होड्या तीन दिवस तिथेच लोखंडी आकडे ओढत फिरल्या. काही लागलं नाही. लागणार कसं? ती तर दोघे भाऊ दहा वर्षं जाळं टाकायचे ती जागा. न झोपलेल्या डोक्याने तीच पुढे केली आणि ह्याला पत्ताही नाही.

चौथ्या दिवशी दुपारी तो बसल्या जागी कलंडला. दमयंतीने कुणाला त्याला उठवू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर त्याने डोळे उघडले.

"डाव्या अंगाला," तो म्हणाला. "मी चुकीचं सांगितलं."

अर्ध्या तासात आकड्याला जाळं लागलं. निलेश त्यातच होता. पाच दिवस पाण्यात राहिलेल्या माणसाचं तोंड घरच्यांना दाखवत नाहीत. राजश्रीला फक्त पाय दाखवले. त्यांवर हात ठेवून ती बराच वेळ बसली, मग धोंडूकडे वळली. आवाज जराही चढवला नाही.

"भावोजी, तुम्ही पहिल्याच दिवशी झोपला असतात, तर मला त्यांचं तोंड दिसलं असतं."

धोंडूने मान हलवली. खोटं काय होतं त्यात?