उडणाऱ्याला दार लागत नाही

नव्वदच्या आसपासची गोष्ट. मी धुळ्याला सासरी होते. नवरा अपघातात गेला तेव्हा मी चोवीस वर्षांची, आणि डीएडचा गणिताचा पेपर तेवढा राहिलेला, तोही एकदा नापास होऊन. तो निघाला तर मास्तरीण, नाहीतर जन्मभर दुसऱ्यांच्या ताटाची वाट बघायची. आमच्या घरात नवरा गेला की बाईनं वर्षभर कोपरा धरायचा. मागची खोली, एक घोंगडी आणि समोर भिंत. पुढच्या दारात तर फिरकायचंसुद्धा नाही. जळगावच्या केंद्राचं हॉलतिकीट आलं तेव्हा दीर म्हणाले, "लाज शिल्लक आहे का?" सासूबाई, म्हणजे आमच्या अक्का, एवढंच बोलल्या, "वरीस सरू दे." माझा नवरा, तसा त्यांचा मुलगा गेला होता, म्हणून मी तोंड उघडलं नाही.

पेपरच्या आदल्या संध्याकाळी मागच्या गल्लीत कुणाच्या बारशानिमित्त व्हिडिओवर पिक्चर लागला. अंगणातला टीव्ही माझ्या खिडकीतून सगळा दिसायचा. पाठीवर झूल टाकून उडणारा कुणी परदेशी हिरो, बोलणं हिंदी. त्याची बायको मेली, मग लढाईत त्यानं सपाटून मार खाल्ला आणि चिखलात पडला. दोन मिनिटं पाऊस, दोन मिनिटं रडकं संगीत, की गडी उठला आणि उडाला! गल्ली टाळ्या पिटत होती. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. वा रे वा! याला कुणी कोपऱ्यात का बसवत नाही? लवकर उठला म्हणून याचं बायकोवर प्रेमच नव्हतं, असं का कुणी म्हणत नाही? मी इथे पुस्तक हातात घेतलं तरी निर्लज्ज! मी तिथल्या तिथे ठरवलं, जायचं.

पहाटे मागच्या दारानं निघाले. पदर कपाळापर्यंत ओढलेला, कुणी ओळखायला नको म्हणून नाल्याकडून वळसा घेतला. तिथेच घात झाला. स्टँडवर पोचले तर सहाची बस गेलेली. पुढची पारोळ्याला रखडली, आणि मी पेपरला अर्धा तास उशिरा बसले. शेवटची दोन गणितं कोरी राहिली.

नापास झाले. तीन मार्कांनी! दीरांना तर आयतंच मिळालं. शेजारपाजारच्या बायका ऐकू जाईल अशा हसल्या. पिक्चरमध्ये उठलेला हिरो पुन्हा आपटत नाही, तेवढं दाखवायला पिक्चरवाल्यांना वेळ नसतो. मी दोन दिवस रडले. तिसऱ्या दिवशी ऑक्टोबरचा फॉर्म मागवला, आणि तो भिंतीकडे तोंड करून नाही, सगळ्यांसमोर ओट्यावर बसून भरला. हसा म्हटलं, पोटभर हसा.

ऑक्टोबरात पेपरच्या दिवशी पहाटे उठले, पिशवी घेतली आणि सवयीनं मागच्या दाराकडे वळले. दाराला आतून कुलूप! मला वाटलं, दीरांचंच काम. संतापून ओरडणार तेवढ्यात मागून अक्कांचा आवाज आला.

"तिकडथीन गयी म्हनीसन बस चुकनी तुनी." मागच्या दारानं गेले म्हणून माझी बस चुकली, हे त्यांना ठाऊक होतं.

त्यांच्या एका हातात भाकरीचं फडकं होतं. दुसऱ्या हातानं त्यांनी पुढच्या दाराचा अडसर काढला, दोन्ही फळ्या सताड उघडल्या. ओट्यावर दीर दात घासत उभे होते.

"पुढला दारथीन जाय," अक्का त्यांच्याकडे बघत मला म्हणाल्या.