जुनं हवं, वापरलेलं नको

आमच्या ऑफिसच्या मागे एक पत्र्याची शेड आहे. गिऱ्हाइकांनी हौसेनं घेतलेल्या आणि नंतर नकोशा झालेल्या वस्तू तिथं येऊन पडतात. दगडी रगडे, समया, एका पायानं अधू झालेला पलंग. किस्स्यांचंही तसंच आहे. मी काही ते गोळा करत नाही. लोक आणून टाकतात आणि पुढच्या साइटला निघून जातात.

तंजावुरात घरं सजवून देणाऱ्या एका छोट्या ऑफिसात मी साइट बघते. मालकीण शर्मिला अक्का. चेन्नैला इंटिरियर शिकून परत आली, तेव्हा ती एक शब्द बरोबर घेऊन आली: ब्लेंड. जुनं आणि नवं एकमेकांशी बोललं पाहिजे, असं ती प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगते. वर घर फॅमिली-फ्रेंडलीही पाहिजे. एवढ्या वर्षांत जुनं कपाट नव्या टीव्हीशी बोलताना मी कधी ऐकलं नाही. गिऱ्हाइकं बोलतात, ते मात्र पोटभर ऐकलंय.

*

कापड दुकानाचे एक मालक आले. नवा बंगला, चार मजले, लिफ्ट. त्यांना हॉलमध्ये एक शंभर वर्षांचं कपाट हवं होतं. आम्ही त्यांना तीन ठिकाणी फिरवलं. प्रत्येक कपाट ते उघडायचे, आत डोकं घालून वास घ्यायचे आणि मान हलवायचे. शेवटी अक्कानं विचारलं, नेमकी अडचण काय आहे?

ते म्हणाले, "जुनं हवं, पण कुणी वापरलेलं नको. कोण माणसं असतील, घरात काय काय झालं असेल, आपल्याला काय माहीत?"

अक्का हरणाऱ्यातली नाही. तिनं नवंकोरं कपाट करून घेतलं. सुतारांनी ते सायकलच्या चेननं झोडपलं, कडा घासल्या, चहाचं पाणी पाजलं. हे सगळं मालक स्वतः स्टूल टाकून बघत बसले होते, मधूनच "इथं अजून थोडं मारा" असं सुचवत होते. कपाट घरी पोचलं. त्यांनी चारी बाजूंनी फिरून बघितलं, खूश झाले आणि मला बाजूला घेऊन विचारलं, शंभर वर्षांचं दिसतंय खरं, पण गॅरंटी किती वर्षांची?

*

डॉक्टर नवरा-बायको. दोघंही सकाळपासून रात्रीपर्यंत दवाखान्यात, घरी तीन वर्षांची जुळी मुलं आणि त्यांना सांभाळणाऱ्या बाई. हॉलच्या मधोमध नक्षीचा सागवानी खांब हवा, हे स्वप्न डॉक्टरीणबाईंचं. खांब मिळाला, आणि मिळाला तोही देखणा. खाली कमळ, वर पोपट, मधे वेल. तो उभा करायला सहा माणसं लागली.

दुसऱ्या आठवड्यात जुळ्यांपैकी एकाचं कपाळ पोपटावर आपटलं. टेंगूळ आलं, बाकी काही नाही. पण आई-बाप दोघेही डॉक्टर. त्या टेंगळाचा जो काय विचार झाला, तो मी इथं सांगत नाही. संध्याकाळी फोन आला: खांब फॅमिली-फ्रेंडली करून द्या.

आम्ही खांबाला खालून वरपर्यंत फोम गुंडाळला, त्यावर क्रीम रंगाचं रेक्झिन चढवलं. शाळेच्या जिममध्ये असतो तसला गुबगुबीत खांब तयार झाला. पाहुणे विचारायला लागले, हे मधेच काय आहे? डॉक्टर मग खिशातून मोबाइल काढून आतल्या खांबाचा फोटो दाखवायचे. असं किती जणांना दाखवणार? त्यांनी फोटो मोठा करून घेतला, फ्रेम केला आणि त्याच खांबावर रेक्झिनला अडकवून टाकला.

*

हा जरा वेगळा. नवं लग्न झालेलं जोडपं, दोघंही कंप्युटरवाले, अर्धा आठवडा घरातूनच काम. नवऱ्याच्या आजोळाहून एक पाळणा आला होता. लाकडी, पितळेच्या कड्या, चारी कोपऱ्यांना मोर. त्याचं काय करायचं, असा प्रश्न पडला. मुलं नकोत, हे त्यांनी लग्नाआधीच ठरवलं होतं आणि आम्हालाही पहिल्या मीटिंगमध्ये सांगून टाकलं होतं.

अक्का म्हणाली की पाळणा हा फार फ्लेक्सिबल पीस आहे. तळाची फळी कापली, आत काचेचे कप्पे बसवले, पिवळे दिवे लावले. झाला बार. बाटल्या उभ्या राहिल्या, वर मोर. पार्ट्यांमध्ये म्हणे पाहुणे पाळण्याला झोका द्यायचे आणि जी बाटली आधी हलेल ती उघडायचे.

दोन वर्षांनी बायकोचा मला फोन आला. अक्काला नाही, मला. तिनं हळूच विचारलं की तळाची कापलेली फळी तुम्ही ठेवलीय का? मी शेडमध्ये जाऊन शोधली. फळी नव्हती, तिचं कुठल्या तरी घरी शेल्फ झालं होतं. तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, "असू दे. मीच हो म्हटलं होतं."

बाळ मार्गशीर्षात झालं. मी बघायला गेले. पाळणा ऑनलाइन मागवलेला होता, गुलाबी प्लास्टिकचा. बार होता तिथंच होता.

*

पुण्याच्या एक बाई आल्या होत्या, दहा-बारा वर्षांच्या मुलीला घेऊन. तिकडच्या फ्लॅटमध्ये त्यांना मराठा काळातला तंजावुरी कोपरा करायचा होता. गिऱ्हाईक मराठी म्हटल्यावर अक्कानं मला पुढं केलं. अक्का तमिळ. आम्ही मात्र राजवाड्यामागच्या गल्लीतले, आमच्या घरी अजून मराठी चालते.

मी सहज विचारलं, "तुम्ही कोठें उतरलां?"

बाईंनी हातातली समई खाली ठेवली आणि मोबाइल काढला. परत म्हणा ना. मी परत म्हटलं. मग आणखी काहीतरी बोला. मी समईचं वजन सांगितलं, तेही त्यांनी रेकॉर्ड केलं. कौतुकानं त्यांचे डोळे भरून आले होते. म्हणाल्या, तुमची मराठी किती अँटीक आहे हो, अगदी जपून ठेवा.

मी म्हटलं, "जपून कशाला? रोज वापरतो आम्ही. भांडायलासुद्धा."

त्या हसल्या. मुलगी कंटाळून कोपऱ्यात उभी होती. तिला बरं वाटावं म्हणून मी तिचं नाव विचारलं. तिनं माझ्याकडे बघितलं, मग आईकडे बघितलं.

"ममा, व्हॉट इज शी सेइंग?"

*

टाइल्सचे नमुने द्यायला मी एकदा अक्काच्या घरी गेले होते. पांढऱ्या भिंती, पांढरा सोफा, काचेचं टेबल. फ्रिजपेक्षा जुनं घरात काही नव्हतं. मी विचारलं, अक्का, इथं एकही जुना पीस नाही?

अक्का म्हणाली, "धूळ कोण पुसणार?"

*

सेंदिल म्हणून एक गिऱ्हाईक. सिंगापुरात बरीच वर्षं नोकरी करून परत आलेला. नव्या कॉलनीत घर बांधलं होतं आणि त्याला जेवणाच्या टेबलासाठी जुना दरवाजा हवा होता. दरवाजा आडवा टाकायचा, वर काच, खाली लोखंडी पाय. ही कल्पना त्यानं मोबाइलवर बघितली होती आणि अक्काला ती आपलीच वाटली.

आम्ही बऱ्याच गोडाऊनमध्ये धूळ खाल्ली. एका ठिकाणी सेंदिल थबकला. जाडजूड फळ्या, पितळी फुलं, मधे गजलक्ष्मी. त्यानं दरवाजावर हात फिरवला आणि अक्काला म्हणाला की याच्याशी आपलं काहीतरी नातं आहे असं वाटतंय. अक्कानं माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. असं बोलणारं गिऱ्हाईक भाव करत नाही.

गृहप्रवेशाला त्याची आई ओरत्तनाडूहून आली. पंगत उठल्यावर घरची माणसं त्या टेबलाशी जेवायला बसली, आम्हालाही बसवलं. आईनं पान मांडायला म्हणून काच पुसली आणि पुसता पुसता तिचा हात थांबला. काचेखाली बोट दाखवत ती सांगायला लागली की या फुलाची एक पाकळी तुटलीय, ती सेंदिलनं लहानपणी क्रिकेटची बॅट मारून तोडली होती.

कुणाला काही कळेना. मग तिनंच उलगडून सांगितलं. गेल्या वर्षी सेंदिलनं सिंगापूरहून फोनवर हट्ट धरला होता की गावच्या घराचा तो कुजका दरवाजा काढून स्टीलचं ग्रिल बसवा, सेफ्टी पाहिजे. दरवाजा भंगारवाल्याला दे, नाहीतर जाळ, म्हणाला होता. तिनं भंगारवाल्याला दिला.

सेंदिल पानाकडे बघत राहिला. अक्का पटकन म्हणाली की बघा, वस्तू आपलं घर कसं शोधत येते.

आई आता मुलाकडेच राहते. शांत बाई आहे, कुणाला उलट बोलत नाही. फक्त जेवायला बसण्याआधी रोज काचेवर दोनदा टकटक करते.

*

आता शेवटचा. हे घर आमच्याच गल्लीतलं, आमच्यासारख्याच मराठी माणसांचं. प्रसन्न, त्याची बायको रेखा, सहा वर्षांची तारा आणि प्रसन्नचे वडील गोविंदराव. गोविंदराव शाळेत गणित शिकवायचे, मीही त्यांच्या हातचे धपाटे खाल्लेत. गुडघे गेल्यापासून त्यांची खाट हॉलमध्येच असायची. रस्ता दिसायचा, येणारा-जाणारा दोन शब्द बोलायचा.

रेखाला हॉल हवा होता. तो अक्कानं तिला दिला. घरातलंच जुनं सामान पॉलिश होऊन आलं, काही बाहेरून आणलं. पितळी साखळ्यांचा ऊंजल, म्हणजे झोपाळा, मधोमध टांगला. बाजूला नवे दिवे, करड्या रंगाची भिंत. गोविंदरावांची खाट मागच्या खोलीत, वॉशिंग मशीनशेजारी गेली. नकाशावर ती जागा मीच मोजून दिली होती. त्यांना विचारलं, तर म्हणाले, करा, तुम्हाला सोयीचं ते करा.

ऊंजलवर बसायचं नाही, साखळ्यांचं पॉलिश जातं. आरामखुर्चीवर बसायचं नाही, वेत नवा विणलाय. कोरीव पेटीवर तर नाहीच नाही. ताराला हे रोज इतक्या वेळा ऐकवलं गेलं, की ते तिला पाढ्यांसारखं पाठ झालं.

काम संपल्यावर रेखानं ऑफिसातल्या मैत्रिणींना, शेजाऱ्यांना कॉफीला बोलावलं. आम्हीही गेलो. पाहुणे हातात टंबलर धरून उभे होते, कारण बसायला काही नव्हतं. गोविंदरावांना धुतलेला शर्ट घालून बाहेर आणलं आणि चपलांच्या स्टँडजवळ प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं. ते सगळ्यांकडे बघून हसत होते. त्यांच्याशी काय बोलावं, ते कुणाला सुचत नव्हतं.

ताराच्या वर्गाची तेव्हा नुकतीच राजवाड्याच्या म्युझियमला सहल झाली होती. तिनं स्वयंपाकघरातून लाटणं आणलं, ते गाइडसारखं उंच धरलं आणि पाहुण्यांना म्हणाली की सगळ्यांनी माझ्या मागून यायचं. बायका हसल्या आणि तिच्यामागून निघाल्या. रेखाही कौतुकानं बघत होती.

तारा आपल्या तमिळ-इंग्रजीत सांगत चालली. मराठी तिला सगळी कळते, पण बोलत सहसा नाही. लाटण्यानं दाखवत होती: हा ऊंजल, फार जुना, याच्यावर बसायचं नाही. ही खुर्ची, हीसुद्धा जुनी, बसायचं नाही. ही पेटी, हात लावायचा नाही, फोटो काढला तर चालेल. पाहुण्यांना मजा वाटत होती, एकीनं खरोखर फोटो काढला. असा सगळा हॉल फिरून ती चपलांच्या स्टँडपाशी आली आणि प्लास्टिकच्या खुर्चीसमोर थांबली. लाटणं गोविंदरावांवर रोखलं.

मग मराठीत म्हणाली, "हा माझा आजा. हा पण जुना आहे. पण याच्यावर बसायचं."

आणि बसली.