सलमाच्या तासांसाठी कोल्हापूरला

गडहिंग्लजहून सकाळी सातची एसटी पकडली. कोल्हापूरला कॉलेजच्या कार्यालयात मी बत्तीस वर्षे काढली, पण या खेपेला माझीच एक चूक निस्तरायला निघालो होतो.

आमचे शिंपी रफीकभाई यांची मुलगी सलमा. माझ्या कॉलेजात दोन वर्षे शिकून उरलेली पदवी पुरी करायला ती जर्मनीला गेली. इथले विषय तिकडे धरले जावेत म्हणून प्रत्येक विषयाचे तास दाखवणारे पत्र लागते. ते मी निवृत्तीच्या आठवड्यात तयार केले. प्रात्यक्षिकांच्या तासांसाठी दुसऱ्या मजल्यावरचे रजिस्टर पाहावे लागे. आमच्याकडे तो रकाना कधी कोणी वाचत नसे, म्हणून नेहमीसारखा कोरा सोडला. तिकडे तो वाचला गेला. तीन विषय नाकारले. सलमाचा फोन आला तेव्हा मी म्हणालो, “पत्र बरोबर आहे, त्यांनाच कळत नाही.” त्याला कित्येक आठवडे झाले होते आणि दाद मागायची मुदत आता महिनाअखेरपर्यंतच होती.

निपाणीनंतर डोळा लागला. गाडी थांबताच कोल्हापूर आले समजून दचकून उतरलो. समोर ऊस आणि कारखान्यांच्या शेड. चहाच्या गाड्यावर एक कामगार हसला.

“पावणं (पाहुणे), कागल हाय हे! एमआयडीसीत नोकरी धरताय काय या वयात?”

“कोल्हापूरला जायचंय. कॉलेजात.”

“ॲडमिशन घ्यायला व्हय?”

सगळे हसले, मीही. त्यानेच मोटारसायकलवरून कॉलेजच्या फाटकापर्यंत सोडले. नाव विचारायचे राहून गेले.

माझ्या खुर्चीवर आता मुल्ला मॅडम बसतात. “सर, पेन्शन अडली काय?”

मी सगळे सांगितले आणि गुडघे धरत वर गेलो. रजिस्टरात तिन्ही विषयांचे तास पूर्ण होते. प्रत्येक दिवशी सलमाची सही.

“टंकनदोष म्हणून लिहूया की,” मॅडम म्हणाल्या. “तुमचं नाव कशाला मधी?”

“दोष माझा आहे. मी तसं लिहून देतो, पत्राला जोडा. नाहीतर तास मागाहून घातले असं वाटेल त्यांना.”

त्यांनी कागद पुढे सरकवला. प्राचार्यांची सही होईपर्यंत माझ्यासाठी मिसळ मागवली. तिखटाने डोळ्यांत पाणी आले, ते बरेच झाले. दुपारी पत्र ईमेलने गेले.

संध्याकाळी परतून थेट रफीकभाईंच्या दुकानात गेलो. ऐकता ऐकता त्यांची मशीन थांबली. मग सलमाला फोन लावून माझ्या हातात दिला.

“काका, इथं म्हणाले, तू प्रात्यक्षिकं केलीच नाहीस,” सलमा म्हणाली. “शेवटी अब्बाही विचारायला लागले, खरंच लॅबला गेलतीस का गं?”

रफीकभाईंनी फोन घेतला आणि माझ्यादेखत लेकीची माफी मागितली. चूक माझी होती. मीही मागितली.

पुढे तीनपैकी दोन विषय धरले गेले. तिसरा ती पुन्हा देते आहे. त्या दिवशी भेटलेल्यांपैकी एकानेही मला, इतके दिवस काय केलंत, असे विचारले नाही. त्या सगळ्यांचा मी ऋणी आहे.