दाजींची भाषा

दाजी हे काही त्यांचं नाव नव्हे. त्यांचा सख्खा मेहुणा त्याच कंपनीत, शेजारच्या टीममध्ये. तो दाजी म्हणायचा, म्हणून सगळं ऑफिस म्हणू लागलं. अगदी साहेबसुद्धा.

कंपनीतल्या सगळ्या टीमचा कोड गोळा करून त्यातून चालतं सॉफ्टवेअर बांधून देणारं जे बिल्ड टूल होतं, ते दाजींनी एकट्याने पर्ल नावाच्या जुन्या संगणकी भाषेत लिहिलेलं. पर्ल त्यांच्याखेरीज कुणालाच धड येत नव्हती. त्यामुळे बिल्ड अडलं की माणसं दाजींच्या खुर्चीमागे येऊन उभी राहायची. दाजी आधी चहा संपवायचे, मग म्हणायचे, "बघू." त्या एका "बघू"त त्यांना जे सुख मिळायचं, ते बढतीतही मिळालं नव्हतं.

अशात मोबाईल टीममधली चष्मेवाली मीटिंगमध्ये म्हणाली, "टूल सगळ्यांचं आहे ना? मग सगळ्यांना येते त्या भाषेत लिहू या. पायथॉनमध्ये." साहेबांनी मान डोलावली आणि दाजींच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्या दिवसापासून तिचं काहीच त्यांना बघवेना. ती हसली तरी त्रास, तिच्या टेबलाशी कुणी थांबलं तर त्याहून त्रास. कोण थांबलंय ते बघायला दाजी बाटली घेऊन पाण्याला उठायचे. बाटली भरलेलीच असायची.

"पायथॉन म्हणे! पोरासोरांची भाषा," घरी त्यांनी बायकोला सांगितलं.

"तुम्ही जळताय तिच्यावर," बायको भाजी चिरता चिरता म्हणाली.

"मी? हॅट!" दाजी म्हणाले. साफ खोटं. आतून नुसता जळफळाट चालला होता.

शेवटी साहेबांनी तोड काढली. टूलचा एकच भाग दोघांनी आपापल्या भाषेत लिहायचा, त्यात मुद्दाम एक चूक सोडायची आणि ती तिसऱ्याने दुरुस्त करायची. लिहिणाऱ्याने शेजारी बसायचं, पण तोंड उघडायचं नाही. तिसरा कोण, यासाठी चिठ्ठ्या टाकल्या. निघाला मेहुणा! दाजींना स्वर्ग दोन बोटं उरला.

मेहुणा आधी पर्लपुढे बसला. स्क्रीनवर कोडच्या वर गेला, खाली आला, कान लाल झाले. दाजी खाकरले. मग सगळ्यांची नजर चुकवून त्यांनी चूक असलेल्या ओळीकडे बोट दाखवलं. मेहुण्याने ओळ पाहिली, पण तिथे लिहिलंय काय हेच त्याला उमगेना. त्याने हात टेकले.

पायथॉन त्याने पुटपुटत वाचली, एक ओळ बदलली आणि बिल्ड झालं. चष्मेवालीकडे त्याने वळूनही पाहिलं नाही, तरी ती खुशीत होती. कुणी आपल्याला विचारलं नाही म्हणून खूश होणारं माणूस दाजी पहिल्यांदाच बघत होते. त्यांना तिच्या त्या खुशीचाही हेवा वाटला.

जिन्यात त्यांनी मेहुण्याला गाठलं. "अरे, बोट दाखवलं होतं तुला! घरचा माणूस ना तू?"

मेहुण्याचा चेहरा अजून फुललेलाच होता.

"दाजी, राग मानू नका," तो म्हणाला, "पण आज किती हलकं वाटतंय सांगू? इतकी वर्षं मला वाटायचं, मीच ढ आहे."