नाचापायी गेली म्हणणाऱ्यांसाठी

"नाचापायी गेली ती, मॅडम." शालिनी गेल्याची बातमी मला याच शब्दांत कळली. फोन आमच्या शाळेतल्या एका शिक्षकाचा होता. केव्हा, कुठं, कशानं, हे मी विचारायच्या आधीच त्यानं कारण सांगून टाकलं. दुपारी देवळीला तिच्या अंगणात उभी होते, तिथंही तेच... शेजारीण तेच म्हणाली, दीर तेच म्हणाला. या वयात नाच कशाले पाह्यजे होता, म्हणे. काही आठवडे उलटले, तरी हे वाक्य गावात फिरतंच आहे. ते खोटं आहे. म्हणून लिहायला बसले; आणि शांतपणे लिहिणं मला जमणार नाही, हेही आधीच सांगते.

शालिनी आणि मी एकाच शाळेत शिकवलं. ती गणिताची. स्नेहसंमेलनात मुलींचे नाच बसवायची वेळ आली की "मले नाई जमत बापा" म्हणून पडदा ओढायचं काम घ्यायची. अशी ही बाई निवृत्तीच्या तोंडावर विहारातल्या बायकांबरोबर बोधगयेला गेली. तिथं एका विहाराच्या अंगणात ब्रह्मदेशातून आलेले शान यात्रेकरू उतरले होते. शान म्हणजे तिकडच्या डोंगराळ मुलखातले बौद्ध लोक. त्यांच्यातली एक बाई पाठीला मोठे पंख आणि शेपूट बांधून लांब ढोलाच्या तालावर नाचत होती. आमच्या बायका खरेदीला निघून गेल्या. शालिनी मात्र नाच संपेपर्यंत उन्हात उभी राहिली. परत आल्यावर मला म्हणाली, "ते कशासाठी नाचतात, माहीत आहे तुले? वर्षावास संपला की बुद्ध देवलोकातून खाली येतात, म्हणून पाखरं त्यांना सामोरी जातात. आपल्या आश्विन पौर्णिमेलेच. आपण त्या दिवशी काय करतो? खीर खातो अन् घरी येतो!"

मग तिनं मोबाइलवर शोधाशोध करून एक शिक्षिका गाठली. नांग खाम तिचं नाव. लढाईमुळे गाव सोडून सीमेपलीकडे थायलंडात राहिलेली, आणि परदेशात वाढणाऱ्या शान मुलींना व्हिडिओवरून हा नाच शिकवणारी. 'खाम' म्हणजे सोनं हे कळल्यापासून शालिनीसाठी ती सोनाताई झाली. दर रविवारी संध्याकाळी माडीवरच्या खोलीत टॅब्लेट उभा करून वर्ग भरायचा. चौकोनांत कोवळ्या पोरी, आणि एका चौकोनात पदर खोचलेली आमची शालिनी. पहिले काही महिने ती समोर बघून शिकत गेली आणि सगळंच उलटं बसलं. उजवा हात हवा तिथं डावा. शेवटी सोनाताई कॅमेऱ्याकडे पाठ करून उभी राहायला लागली. नेट अडकलं की हात आधी पोचायचा, ढोल मागून यायचा. मग शालिनी स्वतःच तोंडानं ठेका धरायची. पंखांसाठी तिनं पुलगावहून बांबूच्या कामट्या आणल्या, त्यावर आपल्या दोन जुन्या साड्या ताणून बसवल्या. ते पंख पसरले की खोलीत दुसऱ्या माणसाला जागा उरायची नाही. मी पलंगावर पाय वर घेऊन बसायचे. आयुष्यभर फळ्याकडे तोंड करून उभी राहिलेली ही बाई खांदा असा हळूच उचलायची की पंखात वारा भरल्यासारखं वाटायचं. मी तिला इतकी आनंदात कधीच पाहिली नव्हती.

आश्विन पौर्णिमा जवळ आली तसं तिनं विहार समितीकडं कार्यक्रमात थोडा वेळ मागितला. मी सोबत होते. समितीतले एक ज्येष्ठ गृहस्थ, मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, म्हणाले, "ताई, नाचगाणं आपण दीक्षा घेतली त्या दिवशी मागं टाकलं. आपल्या आयाबायांले गावानं नाचवलं. आता तुम्ही पुन्हा तेच करून राह्यल्या?"

शालिनी म्हणाली, "नाचवलं, तो अपमान होता, दादा. मले कोणी नाचवून नाई राह्यलं. मी आपल्या मनानं नाचते, अन् बुद्धासमोर नाचते."

"ते तिकडच्या लोकांचं. आपल्यात शोभत नाई."

त्यांनी सांगितलेला इतिहास खोटा नाही. माझ्या आजीनं तो अंगावर झेललेला आहे. म्हणूनच मला जास्त राग येतो. तो इतिहास यांनी नेमका एका बाईला गप्प बसवायला वापरला. जयंतीच्या मिरवणुकीत याच समितीनं आणलेल्या डीजेपुढं पोरं दिवस मावळेपर्यंत नाचतात, तेव्हा काहीही मागं टाकलेलं नसतं. पुरुष नाचला की उत्साह, बाई नाचली की शोभत नाही! पौर्णिमेला शालिनी मागच्या रांगेत बसून वंदना म्हणाली आणि घरी आली.

त्यानंतर तिची पाठ दुखायला लागली. मग जबडा. जिना चढताना घाम फुटायचा. गावातल्या डॉक्टरांनी तिला तपासायच्या आधीच हसून घेतलं... "या वयात नाचता? मग अंग दुखणारच." गॅसच्या गोळ्या दिल्या. ती पुन्हा गेली, पुन्हा गोळ्या. पोती उचलणारा तिच्या वयाचा पुरुष हीच तक्रार घेऊन गेला असता तर त्याच्या छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली असती की नाही? तिची कुणीही काढली नाही. नवरा, वामनराव, म्हणाले, "नाच बंद कर, आपोआप राहील." एका सकाळी वर्ध्याला दवाखान्यात नेताना ती गाडीतच गेली. तिथल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, हृदयविकाराचा झटका होता, आणि दुखणं वेळीच तपासलं असतं तर ती वाचू शकली असती. हे वामनरावांनीही ऐकलं, दिरानंही ऐकलं. गावात आले आणि म्हणाले, नाचापायी गेली. तिच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, श्रद्धांजलीच्या वेळी, समितीतल्या त्याच ज्येष्ठांनी माईक घेऊन तिला 'थोर कलावंत' म्हटलं. मी उठून बाहेर आले.

मागच्या रविवारी वामनरावांना भेटायला गेले. ते चहा टाकत होते, तेवढ्यात माडीवर टॅब्लेट वाजायला लागला. ते जागचे हलले नाहीत.

"दर रविवारी वाजते," ते म्हणाले. "थांबते मग."

"अहो, मग उचलत का नाही?"

"काय सांगू? मले तिची भाषा येत नाई."

म्हणजे तिकडं कुणाला काही कळवलंच नव्हतं. मी वर गेले, टॅब्लेटवरचा कॉल घेतला, आणि माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं.  सोनाताई म्हणाली, "शेवटच्या वर्गात खांदा नीट उचलत नाही म्हणून मी तिला रागावले होते. मला वाटलं, ती माझ्यावर रुसली." मग तिनं विचारलं, "पौर्णिमेचं काही विचारलं की ती विषय बदलायची. नाचली ना ती त्या दिवशी?"

"नाही. तिला नाचू दिलं नाही."

"कुणी? सैन्यानं?"

 "नाही," मी म्हटलं. "आमच्याच माणसांनी."

खाली आले तर वामनराव जिन्याशी उभे होते. काय म्हणत होती, असं त्यांनी विचारलं. मी सगळं सांगितलं. कठड्यावर हात ठेवून त्यांनी वर माडीकडं पाहिलं. "मी त कधी पाह्यलाच नाई तिचा नाच," ते म्हणाले.

"दार उघडंच राहायचं तिचं, भाऊजी," मी म्हटलं, आणि चहा न घेता निघाले.