पास्टरभाऊंची बदली

मी पवनीत कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. घरी शिकवण्या घ्यायच्या नाहीत, असं मी नोकरी लागल्यापासून ठरवलेलं होतं. पण एका उन्हाळ्यातल्या दुपारी दारात एक जोडपं येऊन उभं राहिलं आणि तो नियम मोडला. दोघंही तिशीतले, मिझोरामचे. नवऱ्यानं हिंदीत सांगितलं, की तो पास्टर आहे. गोसीखुर्दच्या धरणात बुडालेल्या एका गावाची वस्ती पवनीपासून थोड्या अंतरावर नव्यानं वसवलेली आहे, तिथं त्यांना काम सुरू करायचं होतं आणि त्यासाठी मराठी शिकायची होती. आपल्याला कोणी पाठवलं हे त्यानं लपवलं नाही. त्यांच्या संस्थेचं मुख्य ऑफिस समुद्रापलीकडच्या एका देशात होतं. जिथं चर्च नाही तिथं माणसं पाठवायची आणि नवं चर्च उभं करायचं, हे तिचं काम.

बाबा आतल्या खोलीतून सगळं ऐकत होते. ते दोघं गेल्यावर बाहेर येऊन म्हणाले, "धर्म बदलवायले आले असतील."

"मराठी शिकायला आलेत," मी म्हटलं.

"शिकव. पन सांगून ठेव. आमच्या घरानं छप्पन साली बदलवला, आता पुन्हा नाही बदलवत म्हनाव."

मला मात्र भलतंच कुतूहल वाटत होतं. माझं सगळं आयुष्य पवनी, भंडारा आणि नागपूर एवढ्यात गेलेलं. नकाशावर पवनी शोधून, इतक्या दुरून, ओळखदेख नसताना इथं राहायला येणारी माणसं मी पहिल्यांदाच पाहत होते. पहिल्याच दिवशी मी विचारलं, "पवनीच का?"

तो म्हणाला, "प्रार्थना केली. देवानं इथं पाठवलं."

बायको हसून म्हणाली, "आणि संस्थेनं तिकीट काढलं."

दोघं आठवड्यातून तीनदा येत. त्याला आधी प्रवचनाचे शब्द हवे असत. पाप, क्षमा, तारण, कृपा. मी बौद्ध घरातली, देव न मानणारी बाई, आणि त्याला देवाबद्दल बोलायला शिकवत होते. एकदा कृपा आणि करुणा यांतला फरक सांगताना मी म्हटलं, की कृपा करणारा कोणी तरी मोठा लागतो, करुणा कोणालाही कोणाबद्दलही वाटू शकते. त्यानं दोन्ही शब्द वहीत शेजारी शेजारी लिहिले आणि म्हणाला, "मग देवाला काय वाटते? करुणा की कृपा?"

"ते मला नका विचारू," मी म्हटलं, आणि आम्ही तिघंही हसलो. बाबांनी त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्यासाठी स्वतः चहा ठेवला.

तिला मात्र बाजारातले शब्द हवे असत. पावसाळा लागला तशी ती वस्तीतल्या बायांबरोबर रोवण्याला जाऊ लागली. मिझोरामात तिच्या माहेरी भातशेती होती. चिखलात वाकून धानाची रोपं लावायला तिला कोणी शिकवावं लागलं नाही. दिवसभर बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, बायांचं बोलणं ऐकून ती माझ्याकडे येई आणि माझंच मराठी दुरुस्त करी. "मॅडम, 'मला' कोणीच नाही म्हणत. 'मले' म्हणतात. 'का' नाही, 'काहून'." दिवाळीपर्यंत ती पाठमोरी बोलली तर इथलीच वाटावी अशी बोलू लागली. तो अजून वहीतली वाक्यं जोडत होता. वस्तीत नदीवर मासे धरणारी काही घरं आहेत, त्यांच्याबरोबर तो भल्या सकाळी डोंग्यात बसून धरणाच्या पाण्यावर जाई. मी विचारलं, की तिथं काय बोलता? तर म्हणे, काहीच नाही. जाळं ओढायला मदत करतो.

मी एका रविवारी मुद्दाम पाहायला गेले. एका घरापुढची टिनाची शेड, खाली सतरंज्या, चार-पाच घरची माणसं. वस्तीत सगळे त्याला पास्टरभाऊ म्हणत. त्यानं गिटार वाजवली. एक जाडजूड, खणखणीत आवाजाची बाई, जी एरवी बाजारात सुकट विकते, तिनं गाणं उचललं. चाल मिझो, शब्द अर्धे हिंदी, अर्धे आपले. कोणी मागच्या बाजूला बसून तांदूळ निवडत होतं. हे चर्च म्हणजे नेमकं काय, ही माणसं इथं का येतात, त्यांना काय मिळतं, असे प्रश्न घेऊन मी गेले होते. सुकटवाल्या बाईला विचारलंही. ती म्हणाली, "धरनानं गाव फुटलं जी. कोनी इकडं गेलं, कोनी तिकडं. शेजार नवा. इथं आठवड्यातून एकदा सारे एका जागी बसतात." एवढंच. देवाचं नाव तिनं घेतलं नाही. मीही पुढं खोदून विचारलं नाही.

तिसऱ्या वर्षीच्या हिवाळ्यात तो एकदा वही न आणता आला. बायकोही सोबत होती. खुर्चीवर बसून तो म्हणाला, "मॅडम, आज धडा नको."

आदल्या दिवशी संस्थेची मोठी मीटिंग झाली होती, कॉम्प्युटरवर, सगळ्या देशांतल्या माणसांची. संस्थेनं आपली दिशा बदलली होती. आता गावागावांत लहान मंडळ्या, म्हणजे अशी शेडमधली चर्च, उभ्या करायच्या नाहीत. ज्या आहेत त्या तिथल्याच लोकांनी सांभाळाव्यात. बाहेरून पाठवलेल्या माणसांनी मोठ्या शहरांकडे जावं, जिथं पोटासाठी आलेली तरुण मंडळी कारखान्यांत काम करते. या दोघांचं काय, ते अजून ठरलं नव्हतं. कदाचित दिल्ली. कदाचित कंबोडिया. कदाचित घरी परत.

मला राहवलं नाही. मी विचारलं, "देवानं इथं पाठवलं म्हणाला होतात. मग आता बोलावून कोण घेतंय?"

मला वाटलं, मी फारच तोडून बोलले. तेवढ्यात ती म्हणाली, "हेच आमी दोघं कालपासून एकमेकाले इचारून राहिलो."

नंतरचे काही महिने विचित्र गेले. दर पंधरवड्याला कोणी तरी तिकडून बोले, समजावून सांगे, गोड बोले, पण नक्की काही सांगत नसे. घराचा करार वाढवायचा की नाही, हे त्यांना घरमालकाला सांगता येईना. परसात भाजी लावायची की नाही, यावरून दोघांचं वाजलं. त्यानं मराठी शिकणं सोडलं. ती येत राहिली, आणि आता उलट जास्त प्रश्न विचारू लागली. तिला आमच्या घरातली बुद्धवंदना ऐकायची होती. बाबांनी बसवून ऐकवली, अर्थही सांगितला. ती गेल्यावर म्हणाले, "मोठी चौकस बाई आहे." बाबांच्या तोंडी ही मोठी स्तुती.

शेवटी वस्तीतल्या लोकांना सांगणं भाग होतं. काय बोलायचं ते त्यानं हिंदीत लिहून आणलं आणि मला मराठी करून मागितलं. त्यात एक वाक्य होतं, संस्थेनं आपल्या कामाचा प्राधान्यक्रम बदलला आहे. मी तसंच लिहिलं, मग खोडलं. वस्तीतलं कोणी हा शब्द वापरत नाही. "आधी तुम्ही महत्त्वाचे होतात, आता दुसरे आहेत," असं लिहिलं, तेही खोडलं. तो माझ्या हाताकडे पाहत होता. "हेच खरं आहे ना?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, "तुम्हीच सांगा, जसं येईल तसं."

त्या रविवारी त्यानं मला सोबत यायला सांगितलं. शेडमध्ये उभं राहून तो अडखळत बोलला. ऑफिसनं ठरवलं. आता आम्हाला दुसरीकडं जावं लागेल. कुठं, ते माहीत नाही. कधी, तेही माहीत नाही. तिथं काय मिळेल, तेही सांगितलं नाही.

मग पुढं बसलेली एक म्हातारी म्हणाली, "म्हंजे तुमचंबी पुनर्वसन होऊन राहिलं."

सगळे एकदम हसले. तोही हसला, त्याला तो शब्द चांगला कळत होता. आणि मग प्रत्येकाला सल्ला द्यायचा होता. कोणी म्हणे, तिकडचं घर डोळ्यानं पाहिल्याशिवाय इकडचं सोडू नका. कोणी म्हणे, पहिल्या वर्षी लई आठवण येते, मंग कमी होते. म्हातारी म्हणाली, "कमी नाही होत. सवय होते."

मागं बसलेला एक मासेमार मात्र हसला नव्हता. तो उठून म्हणाला, "आमी काय बदललो का? आमाले इचारलं कोनी?" तो शेडबाहेर जाऊन उभा राहिला, आणि पास्टरभाऊ सभा तशीच टाकून त्याच्यापाशी गेला. दोघं बराच वेळ रस्त्याकडे तोंड करून उभे होते. आत सुकटवाल्या बाईनं गाणं सुरू केलं.

उन्हाळ्यात नक्की ठरलं. कंबोडिया. हो म्हणायचं की संस्था सोडायची, एवढं त्यांच्या हातात होतं. माझी खात्री होती, की तो जाणार म्हणेल आणि ती राहू म्हणेल. तिची भाषा इथली झाली होती, बाया तिला हक्कानं हाक मारत होत्या. झालं उलटंच. माझ्या घरी बसून तो म्हणाला, "मी संस्था सोडतो. पवनीत काहीही काम करीन. मला इथून जायचं नाही."

"काहून?" तिनं विचारलं. नवऱ्याशी मराठीत. बहुधा मलाही कळावं म्हणून.

तो तिच्याशी मिझोत बोलू लागला. आवाज चढला, मग उतरला. मी उठून आत जाणार होते, तिनं हात धरून बसवलं. म्हणाली, "मॅडम, हे म्हणतात, ती डोंग्यातली माणसं याइचे पहिले दोस्त आहेत. लहानपणापासून कोणी नव्हतं. माणसाइसंग बोलायले जमत नाही म्हणून. डोंग्यात बोला लागत नाही."

त्याचे डोळे भरले होते. तीन वर्षं त्याला शिकवून मला हे माहीत नव्हतं. ज्याला आमची भाषा नीट आली नाही, त्याचाच इथं जास्त जीव अडकला होता.

"आणि तुला?" मी तिला विचारलं. "तुला सोडवतं?"

ती म्हणाली, "मले इथं लई आवडलं. म्हणून तर भेव नाही वाटत. तिथंई धान आहे, नदी आहे, बाया आहेत. मले पाहाचं आहे, कशा बोलतात."

हे ऐकून मला तिचा थोडा हेवा वाटला. राग आला का? थोडा आलाही. इतक्या सहज कोणी कसं निघू शकतं, ते मला अजून कळलेलं नाही. तो दोन दिवस डोंग्यावरच होता, असं ती मला नंतर म्हणाली. मग घरी येऊन त्यानं जायला होकार दिला. देवानं सांगितलं का, असं या वेळी मी विचारलं नाही.

नागपूरच्या बसला सोडायला वस्तीतली बरीच माणसं आली होती. मासेमारही आला. त्यानं वाळवलेले मासे बांधून आणले होते, आणि विमानात ते नेऊ देतात की नाही यावर बसस्टँडवर मोठी चर्चा झाली. बस सुटताना ती खिडकीतून सगळ्यांना ओरडून काही ना काही सांगत होती. तो पलीकडच्या बाजूला तोंड करून बसला होता.

पुढच्या काही रविवारी मी वस्तीत गेले नाही. मग एकदा न राहवून गेले. आता काय करत असतील, आणि करतच नसतील तर सतरंज्या कोणाच्या घरी असतील, एवढं तरी पाहावं म्हणून. दोन घरं यायची बंद झाली होती. उरलेली माणसं गोल करून बसली होती, पुढं कोणी नव्हतं. सुकटवाल्या बाईनं गाणं म्हटलं, गिटार नसल्यामुळे तिची चाल पार बदलून गेली होती, जात्यावरच्या गाण्याच्या जवळ गेली होती. मासेमार मराठी बायबलवर बोट ठेवून एकेक अक्षर लावत वाचत होता. एका शब्दाशी अडला, माझ्याकडे पाहून म्हणाला, "मॅडम, हे काय होय?"

मी पुढं जाऊन पाहिलं आणि सांगितलं. त्यानं तो शब्द दोनदा म्हणून पाहिला.

घरी आल्यावर बाबांनी विचारलं, "चालू आहे का तिकडचं?"

"चालू आहे."

"कोन चालवते?"

"तेच, वस्तीतले."

बाबांनी पेपर खाली ठेवला. "पुढच्या रविवारी जाशील तं मलेबी ने," ते म्हणाले. "पाहू तं खरं, काय करतात."