चार बोटं पाणी

साडू हे नातं आपण निवडत नाही, बायकोबरोबर फुकट येतं. माझ्या वाट्याला जो आला, त्यानं कालव्याच्या पहिल्या गेटवर चौतीस वर्षं नोकरी केली आणि त्या चौतीस वर्षांत तो एकदाही चुकला नाही. असं तोच सांगतो. दर दोन वाक्यांमागे "बरोब्बर" म्हणायची सवय, म्हणून आम्हीही त्याला बरोब्बरच म्हणतो.

गेटवरचं काम ऐकायला सोपं. सकाळी चाक फिरवून गेट उचलायचं, भिंतीवर रंगवलेल्या आकड्यांपैकी पाचाला पाणी लागलं की थांबायचं आणि वहीत "पाच फूट" लिहायचं. मग सात वाजता कालव्याच्या दुसऱ्या टोकाला, दोनशे चाळीस किलोमीटर खाली, फोन लावायचा. तिथला माणूस उरलेलं पाणी मोजून नदीत सोडायचा. बरोब्बर त्याला "टोकाचे" म्हणायचा, तो ह्याला "वरचे". एकमेकांचं तोंड कधी पाहिलेलं नाही, पण नोकरीच्या शेवटच्या नऊ-दहा वर्षांत भांडण रोजचं.

"वरचे, पाणी कमी येतंय."

"मी पूर्ण सोडलंय."

"मग मध्ये पितं कोण?"

"तुमची झोप पिते!"

माझी मेहुणी म्हणायची, ह्यांनी माझ्याशी रोज एवढं बोलायचं मनावर घेतलं असतं तर अजून काय हवं होतं!

प्रकरण एकदा वरपर्यंत गेलं. साहेबांनी दोन्ही वह्या मागवल्या. बरोब्बरची वही म्हणजे मोत्यासारखं अक्षर, एक खाडाखोड नाही. टोकाच्यांची वही भिजून फुगलेली. झालं! मोजण्यात निष्काळजीपणा झाला असं माफीपत्र टोकाच्यांना लिहून द्यावं लागलं. बरोब्बरनं त्याची नक्कल मागून घेतली, गेटच्या खोलीत खिळ्याला अडकवली आणि येईल त्याला वाचून दाखवली. मला तर तीनदा.

तो रिटायर झाला आणि दोन वर्षांनी आमच्या बेकरीवाल्याच्या डोक्यात खूळ शिरलं. बेकरीवाला आमचा शाळेपासूनचा मित्र. चाळीस वर्षं पहाटे तीनला उठून पीठ मळलं, आता दुकान सुनेच्या ताब्यात देऊन मोकळा. म्हणाला, सायकली काढू, वरच्या नदीपासून कालव्याच्या काठाकाठानं थेट खालच्या नदीपर्यंत जाऊ, सहा दिवसांत. माझं चष्म्याचं दुकान, बसून बसून पोट सुटलेलं, मी नाहीच म्हणणार होतो. तेवढ्यात बरोब्बर म्हणाला, "चला. त्या टोकाच्यांना एकदा समोरासमोर बघायचंय मला." हा तमाशा बघायला मी चारशे किलोमीटरही गेलो असतो.

निघाल्यावर अर्ध्या तासातच त्याचं गेट आलं. आता तिथे एक बाई असतात. बरोब्बरनं त्यांना बाजूला सारून आम्हाला सगळं समजावून सांगितलं, चाकाला तेल कुठे घालायचं इथपासून. मग भिंतीकडे बोट दाखवलं. "हे आकडे मी स्वतःच्या हातानं रंगवले. बघा, पाणी पाचावर. बरोब्बर!"

आकड्यांच्या शेजारी पांढऱ्या पत्र्याची एक नवी पट्टी ठोकलेली होती. तिच्यावर पाणी पाचाच्या खाली होतं. चांगलं चार बोटं खाली.

"पट्टी चुकीची ठोकलीय," बरोब्बर म्हणाला.

"मोजून लावलीय हो दादा," बाई म्हणाल्या. "तुम्ही गेलात त्याच महिन्यात. मी पट्टीवरच बघते. अजून गेट उचलतेय, तिच्या पाचाला लागलं की थांबेन."

तिथून पुढे आमच्या सहलीचा बोऱ्या वाजला. काठानं गार सावली, वारा पाठीशी, बेकरीवाला गाणी म्हणतोय, आणि आमचा हा प्राणी दिसेल त्या गेटला सायकल आडवी टाकून लाकडी फूटपट्टी पाण्यात बुडवतोय! पँट गुडघ्यापर्यंत ओली. पत्र्याची पट्टी खोटी ठरवायचीच असा चंग बांधलेला. दुसऱ्या दिवशी मला दोन पंक्चर आणि बसायची पंचाईत. त्याला त्याचं सोयरसुतक नाही. "तू कुल्ल्याचं काय घेऊन बसलायस," म्हणाला, "इथे माझ्या नोकरीचा प्रश्न आहे." मी म्हटलं, "नोकरी संपली रे बाबा, कुल्ले अजून वापरात आहेत." हसलासुद्धा नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी कालव्याचा एक कोरडा फाटा लागला. तळाचं सिमेंट एका कडेला फुटलेलं, खाली जुन्या विटा दिसत होत्या. बरोब्बर खाली उतरला. विटांवर हात टेकवून त्यानं सिमेंटच्या थराला बोटं लावली. एक, दोन, तीन, चार. आणि तिथेच विटांवर बसला.

"काय झालं?" बेकरीवाल्यानं वरून विचारलं.

"अकरा-बारा वर्षांपूर्वी सगळ्या कालव्याला हा थर दिला," तो म्हणाला. "भिंतीही नव्या केल्या. मी आकडे परत रंगवले. जुन्याच जागी, केसभर इकडेतिकडे होऊ दिलं नाही."

"मग चांगलंच केलंस की!"

"अरे, तळ चार बोटं वर आला! आकडे तिथेच राहिले. पाच म्हणून मी पावणेपाचच सोडत होतो. मधले सगळे आपापला वाटा पूर्ण घेतात. तूट सगळी त्या टोकाच्याच्या पदरात. आणि माफी लिहून दिली त्यानं."

एवढी आयती संधी मला पुन्हा मिळणार नव्हती. पण त्याचं तोंड बघून मी नुसता हात देऊन त्याला वर काढला. संध्याकाळी म्हणाला, आपण इथूनच ट्रक बघून परत जाऊ. बेकरीवाला साफ नाही म्हणाला. "साहेब झालो नाही की पैसा केला नाही," बरोब्बर मला म्हणाला. "न चुकणं एवढं एकच होतं रे माझ्याकडे." मला वाईट वाटलं, अगदी मनापासून. आणि त्या माणसासमोर हा उभा कसा राहणार, ह्याचा घोर मलाच लागला.

पुढचे तीन दिवस तो सायकलवर माफीची तालीम करत होता. "आपणांस झालेल्या मनस्तापाबद्दल," असं काहीतरी. मी म्हटलं, "अर्ज करतोयस का? चुकलं म्हण, मोकळा हो." तो शब्द काही त्याच्या तोंडून येईना. इतक्या वर्षांत कधी लागलाच नव्हता.

सहाव्या दिवशी दुपारी कालवा संपला. शेवटच्या गेटशेजारी दोन खोल्यांचं घर, अंगणात धुतलेला एकच शर्ट वाळत घातलेला. टोकाचे बारीक, टकले, वर्षभराची नोकरी बाकी असलेले गृहस्थ निघाले. "वरचे" एवढं ऐकल्यावर त्यांनी चष्मा पुसून परत लावला आणि बरोब्बरला नखशिखांत बघितलं. घरात खुर्ची एकच होती, म्हणून आम्हाला कॉटवर बसवलं. चहा ठेवला, कप कमी पडले म्हणून स्वतः पेल्यात घेतला.

बरोब्बरनं कप नुसता हातात धरला. तालमीतलं सगळं विसरला. "चार बोटं," एवढंच म्हणाला.

"साडेचार," टोकाचे म्हणाले.

"चारच! मी मोजलीत!"

"तुमची बोटं जाड आहेत."

बेकरीवाल्याला ठसका लागला. टोकाचे शांतपणे सांगू लागले. माफीपत्र दिल्यानंतर आठवड्याभरात ते रजा टाकून, दोन गाड्या बदलून पहिल्या गेटवर गेले होते. बरोब्बर आत जेवत होता. त्यांनी काठी तळापर्यंत बुडवली, मोजलं, चूक सापडली. आता ह्याच्याकडून माफी लिहून घ्यायची म्हणून खोलीच्या दारापर्यंत गेले आणि तिथून मागे फिरले.

"का पण?" बरोब्बर जवळजवळ ओरडलाच.

"त्या वर्षी आमची ही गेली," टोकाचे म्हणाले. "इथे दिवसचे दिवस माणूस फिरकत नाही. सकाळी सातला तुम्ही ओरडायचात, तेवढाच काय तो आवाज. चूक सांगितली असती तर पाणी पूर्ण आलं असतं. इथून पुढे ते नदीतच पडतं, कोणाचं अडत नव्हतं. पण मग तुम्ही रोज माझ्याशी बोलला कशाला असतात?"

त्यांनी पेल्यातला चहा संपवला.

"आता पाणी पूर्ण येतं," ते म्हणाले. "दोन वर्षं झाली. त्या बाई फोन करत नाहीत, आकडा मोबाइलवर पाठवतात."

बरोब्बरनं कप खाली ठेवला. "चुकलं माझं," तो म्हणाला.

"जाऊ द्या हो, साडेचार बोटं म्हणजे—"

"पाणी मरू द्या तिकडे! दोन वर्षं फोन केला नाही मी तुम्हाला. एकदाही नाही. माझ्या मनातसुद्धा आलं नाही."

टोकाचे कप उचलून आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.